ड्रिल नव्हतं

नाशिकला नदी आहे, धरणं आहेत, समुद्र नाही. त्यामुळे मी नोकरी काय करत होतो हे आमच्या मखमलाबादच्या भाऊबंदांना शेवटपर्यंत नीट समजलं नाही. 'तेलाच्या कंपनीत' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे, "शेंगदाणा का सोयाबीन?" 'समुद्रातलं तेल' म्हटलं की समोरचा जरा विचार करी आणि विचारी, "माशाचं?"

आमचं घर फुलाभाजीवाल्यांचं. थोरला भाऊ, आप्पा, अजूनही गुलाब आणि झेंडू घेऊन स्वतः फुलबाजारात जातो. त्याने लोकांना सांगण्यासाठी एक वाक्य तयार केलं होतं. "आमचा अशोक समुद्रात राहतो. तिथं कोणी पडू नये याच्यावर त्याची देखरेख असते." कंपनीने माझ्या पदाची दोन पानी व्याख्या केली होती. तिच्यात याहून जास्त काही नव्हतं.

मी समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर सुरक्षा अधिकारी होतो. प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्राच्या तळात पाय रोवून उभा केलेला लोखंडी माळा. त्यावर विहिरींची तोंडं, पंप, कॉम्प्रेसर आणि त्यांच्या शेजारीच माणसांची राहण्याची इमारत. किनारा दिसत नाही. हेलिकॉप्टरने जायचं, दोन आठवडे काम करायचं, दोन आठवडे घरी यायचं. हेलिकॉप्टरमध्ये बसण्याआधी प्रशिक्षण असतं. त्यात खोट्या हेलिकॉप्टरमध्ये पट्टा बांधून बसवतात आणि ते सगळ्यांसकट पोहण्याच्या तलावात उलटं करतात. पाण्याखाली, डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत पट्टा सोडून खिडकीतून बाहेर यायचं. मी गोदावरीत पोहायला शिकलो होतो, पण नदीने मला कधी उलटं धरलं नव्हतं.

आमच्या धंद्याची एक अडचण आहे. त्याचा माल दाखवता येत नाही. आप्पा संध्याकाळी घरी आला की सांगू शकतो, आज गुलाब सगळा उठला. मी काय सांगणार? एकदा जेवताना बायकोला म्हणालो, "या खेपेला कोणाचं बोटसुद्धा कापलं नाही." ती म्हणाली, "असलं काही ताटावर बसून बोलू नका."

सवयी मात्र घरापर्यंत आल्या. जिना उतरताना कठडा धरणे, ही पहिली. कुठल्याही कार्यालयात शिरलं की बाहेर पडायची दुसरी वाट शोधणे, ही दुसरी. दिंडोरी रोडच्या एका लॉन्सवर लग्नाला गेलो असताना मागच्या फाटकाला कुलूप आणि त्यापुढे सोफे रचलेले दिसले. मी ते उघडायला लावलं. मुलीकडच्यांना वाटलं, हा मुलाकडचा मोठा माणूस आहे आणि रागावून मागच्या दाराने निघालाय. चौघेजण हातापाया पडून मला परत आत घेऊन आले आणि पहिल्या पंगतीत बसवलं. फाटक उघडंच राहिलं. हे माझ्या कामाचं यश म्हणून मी मोजतो.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मला किनाऱ्यावर, कार्यालयात घेतलं आणि एका समितीचा सचिव केलं. समुद्रातल्या सगळ्या प्लॅटफॉर्ममधून सुरक्षा आणि पर्यावरण यांत सर्वोत्तम कोण, हे ठरवून दर वर्षी एक ढाल द्यायची, असं त्या समितीचं काम. ढालीबरोबर त्या प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येकाला एक चाकांची बॅग मिळे. ढाल कार्यालयात राही आणि बॅग घरी जाई, त्यामुळे स्पर्धा खरी बॅगेसाठी असे. सचिवाला मत नसतं. हेलिकॉप्टर ठरवणं, चहा सांगणं आणि इतिवृत्त लिहिणं एवढंच त्याच्याकडे.

समितीचे अध्यक्ष म्हणजे आमच्याच कंपनीतले एक फार मोठे निवृत्त अधिकारी. त्यांचं नाव सांगत नाही, आम्ही सगळे त्यांना 'साहेब'च म्हणायचो. उंचेपुरे, शिस्तीचे, आयुष्यात कोणाचं ऐकण्याची फारशी वेळ न आलेले. पर्यावरणाची बाजू पाहायला डॉ. रेवती सामंत होत्या. त्या एका कॉलेजात प्राध्यापक. बारीक चणीच्या, हेलिकॉप्टरमध्ये डोळे मिटून बसणाऱ्या, आणि जमिनीवर किंवा लोखंडावर पाय टेकला की डोळे अजिबात न मिटणाऱ्या. तेलाबरोबर जमिनीतून पाणीही येतं. त्यातलं तेल काढून पाणी समुद्रात सोडतात. त्या पाण्यात किती तेल उरलंय हे त्या कोणाच्या सांगण्यावर मानत नसत. स्वतःच्या बाटल्या घेऊन येत.

समिती येणार असली की प्लॅटफॉर्मवर रंग देतात. मी इतकी वर्षं पाहिलं, समितीच्या हाताला नेहमी ओला रंग लागतो.

त्या वर्षी शेवटची भेट होती भास्कर आहेरच्या प्लॅटफॉर्मवर. आहेर तिथला मॅनेजर. नांदगाव तालुक्यातला, माझ्याहून धाकटा. आम्ही एकाच जिल्ह्याचे म्हणून तो मला 'दादा' म्हणे आणि मी त्याला नावाने हाक मारी. बोलणं कमी. त्याच्या प्लॅटफॉर्मला लागोपाठ दोन वर्षं ढाल मिळाली होती आणि तिसऱ्या वर्षी मिळाली तर ती कायमची त्यांची होणार होती. माणसांनी बॅगेचा रंगही निवडून ठेवला होता असं मला नंतर कळलं.

सकाळी आम्ही उतरलो. उतरल्याबरोबर पाहुण्यांना एक छोटी फिल्म दाखवतात, भोंगा वाजला तर काय करायचं, कुठे जमायचं वगैरे. साहेब म्हणाले, "ही मला दाखवता? मीच बनवून घेतलीये ती." हे खरं होतं. ते फिल्म चालू असतानाच पुढे गेले.

मग करमणुकीच्या खोलीत सादरीकरण झालं. पर्यावरणाच्या भागात पडद्यावर डॉल्फिन आले. डॉ. सामंत म्हणाल्या, "हे कुठले?"

"इथलेच आहेत, मॅडम," सादरीकरण करणारा म्हणाला.

"आपलं पाणी हिरवट आहे. यांचं निळंशार दिसतंय."

तो पडद्याकडे वळून पाहत म्हणाला, "मग ते प्रातिनिधिक आहेत."

शेवटी आहेर उठला. "अकरा वाजता ड्रिल आहे. भोंगा वाजेल. सगळे लाइफबोटींजवळ जमतील, मोजणी होईल. पाहुण्यांनीही यायचंय." एवढं बोलून तो कंट्रोल रूमकडे गेला. डॉ. सामंत बाटल्या घेऊन निघाल्या आणि मी त्यांच्यामागे. साहेब म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी इथे गुण भरत बसतो." त्यांच्यासाठी आरामखुर्ची आणि कॉफी आली.

आम्ही खालच्या माळ्यावर पाण्याचा नमुना घेत असताना भोंगा वाजला. अकरा वाजायला बराच अवकाश होता.

"लवकर घेतायत," डॉ. सामंत म्हणाल्या.

मलाही तसंच वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. लोक देवळात निघाल्यासारखे शांतपणे जमायच्या जागेकडे चालले होते. एकाने हेल्मेट काढून केस सारखे केले, कारण ड्रिलचे फोटो निघणार होते. रांगा इतक्या सरळ लागल्या की मला मनात वाटलं, तिसऱ्या वर्षीही यांचीच ढाल.

आणि मग फ्लेअर गरजली. फ्लेअर म्हणजे प्लॅटफॉर्मपासून लांब, एका तिरप्या दांड्याच्या टोकाशी जळणारी ज्योत. एरवी ती देवघरातल्या समईसारखी गुपचूप असते. पण गळती झाली की यंत्रणा सगळं काम आपोआप बंद करते आणि यंत्रांत कोंडलेला वायू एकदम तिकडे जाळायला सोडून देते. मग ती आभाळभर पेटते आणि बोललेलं ऐकू येत नाही. ड्रिलसाठी असं कोणी करत नाही. सगळं उत्पादन बंद पाडून कोणताही मॅनेजर समितीला खूश करणार नाही.

डॉ. सामंतांनी वर पाहिलं. "केवढा हा काळा धूर! याचे गुण कापावे लागतील."

मी त्यांना म्हणालो, "मॅडम, हे खरं आहे."

तेवढ्यात स्पीकरवर आहेरचा आवाज आला. नियमाप्रमाणे त्याने आधी इंग्रजीत सांगितलं की हे ड्रिल नाही. मग हिंदीत सांगितलं. आणि मग, नियमात नसताना, मराठीत ओरडला, "अरे, खरंच ड्रिल नाहीये रे!"

तो शेवटचा आवाज ऐकला आणि रांगेतला एकूण एक माणूस एका क्षणात निराळा दिसायला लागला. कोणी पळालं नाही. सगळ्यांनी फक्त लाइफजॅकेटच्या पट्ट्या ओढून घट्ट केल्या.

मोजणी झाली. जमायच्या जागी एक फळा असतो, त्यावर प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येकाच्या नावाचं कार्ड. आलेल्या माणसाने आपलं कार्ड उलटं करायचं. एक कार्ड सुलटंच राहिलं. ते पाहुण्यांच्या ओळीत होतं.

आम्ही आलो होतो तिघे. लाइफबोटीजवळ होतो दोघे.

मी वॉकीटॉकीवरून आहेरला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, वारा राहत्या इमारतीकडे आहे. आणि हवा आत घेतात तिथली झडप पूर्ण बंद झालेली दाखवत नाही." पुढचं सांगायची गरज नव्हती. गळती कॉम्प्रेसरच्या माळ्यावर होती, वायू वाऱ्याबरोबर इमारतीकडे चालला होता आणि ती झडप अर्धवट उघडी राहून त्याला आत वाट देत होती. आत आरामखुर्चीत आमचे अध्यक्ष होते. वायूत एक ठिणगी पुरते. ती कुठून येते ते चौकशीत सुद्धा कधीकधी सापडत नाही.

सलीम अन्सारी हा तिथला क्रेन ऑपरेटर. मालेगावचा, पन्नाशीला आलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. आणीबाणीत तो शोधपथकाचा प्रमुख असे. त्याने पाठीवर हवेचं नळकांडं घेतलं, चष्मा काढून खिशात ठेवला, कारण मास्कखाली तो बसत नाही, आणि मला विचारलं, "साहेब कुठं बसलेत?"

"करमणुकीच्या खोलीत. दारासमोरची खुर्ची."

त्याने मान हलवली, जोडीदाराच्या खांद्यावर थाप मारली आणि दोघे आत गेले.

ती वाट पाहणं मला नीट वर्णन करता येत नाही. लाइफबोटीचं इंजिन सुरू करून ठेवलं होतं. डॉ. सामंतांनी एका हातात पाण्याच्या बाटल्यांची पिशवी धरली होती आणि दुसऱ्या हाताने माझी बाही.

"आपल्याला बोटीत उतरावं लागेल का?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं तर."

"ते तिघं आत असताना?"

मी त्यांच्या लाइफजॅकेटची पट्टी ओढून पाहिली. नियमात उत्तर आहे, आणि ते मला पाठ होतं.

आत काय झालं ते सलीमने मागाहून सांगितलं. साहेब खुर्चीत बसून गुण भरत होते. दारात मास्क घातलेले दोघे दिसल्यावर ते म्हणाले, "शाब्बास! वेळेत आलात." सलीमने हाताने खूण केली, चला. साहेब म्हणाले, "तुम्ही चला पुढे, एवढं पान झालं की आलोच." मास्कमधून बोललेलं धड कळत नाही. सलीमने दोनदा सांगून पाहिलं. साहेबांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि लिहीत राहिले. तेव्हा सलीमने त्यांना खुर्चीतून उचललं आणि खांद्यावर टाकलं.

ते दारातून बाहेर आले तेव्हा आम्ही पाहिलं ते असं: एवढा मोठा माणूस पोत्यासारखा खांद्यावर, आणि हातात पेन तसंच. सलीमने त्यांना आमच्यासमोर उभं केलं. साहेबांनी शर्ट सारखा केला आणि टाळ्या वाजवल्या.

"उत्तम! इतकं खरंखुरं ड्रिल मी आजवर पाहिलं नाही."

दुसऱ्या कोणी टाळी वाजवली नाही.

डॉ. सामंत म्हणाल्या, "सर, ड्रिल नाहीये. गॅस आहे."

साहेबांनी नाकाने हवा घेतली. "वास तर नाही."

आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसला वास असतो, कारण तो मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. जमिनीतून येतो त्याला तसला वास नसतो. हे साहेबांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांनी फ्लेअरकडे पाहिलं, माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि सलीमकडे पाहिलं. तो मास्क काढून खिशात चष्मा शोधत होता आणि तो त्याला सापडत नव्हता. मग साहेब लाइफबोटीच्या पायरीवर बसले. पेन खिशाला लावायला त्यांना बराच वेळ लागला.

गळती थांबली, वाऱ्याने वायू पांगवला, मोजयंत्रांनी सगळं ठीक दाखवलं आणि आहेरने लोकांना आत सोडलं. कॉम्प्रेसरवरची पेन्सिलीएवढी एक नळी सततच्या थरथरीने तडकली होती. कोणाला खरचटलंही नव्हतं. स्वयंपाक्याने जेवण पुन्हा गरम केलं.

जेवणानंतर आहेरच्या केबिनमध्ये आम्ही चौघे बसलो. साहेबांचा आवाज परत जागेवर आला होता.

"आहेर, असं बघा. ड्रिल तर होणारच होतं. ते जरा आधी झालं. ड्रिलच्या दरम्यान चुकून यंत्रणा बंद पडली, असं लिहा. समिती हजर होती, समिती साक्षीदार आहे. कोणी विचारणार नाही."

"आणि नळी, सर?"

"नळी बदला. ती काय, देखभालीचा भाग आहे."

"झडप?"

"तीही दुरुस्त करा. मी काय म्हणतो, इजा कोणालाही नाही. गळती असं लिहिलंत की नियमाने स्पर्धेतून बाद. तिसऱ्या वर्षाची ढाल आहे, तुमच्या माणसांचा विचार करा." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "आणि मोजणीत कमी कोण होतं, हे लिहायचीही मग गरज पडत नाही."

आहेर टेबलाकडे बघत होता. डॉ. सामंतांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण त्याच वेळी दारावर टकटक झाली. सलीम होता. बाहेर माणसं जमली होती आणि त्यांनी त्याला आत पाठवलं होतं. प्लॅटफॉर्मवर भिंती पातळ असतात.

"आहेरसाहेब," सलीम म्हणाला, "पोरं म्हणतायत, ड्रिल लिहून टाका. कुणाला काय झालं नाय. बॅगा येतील सगळ्यांना. घरी सांगून ठेवलंय त्यांनी."

"तुम्ही काय म्हणता?" आहेरने टेबलाकडे बघतच विचारलं.

"माझं काय, साहेब. लिहा ड्रिल. मला चालेल."

आहेरने पहिल्यांदाच वर पाहिलं. "सलीमभाई, तुम्ही आत गेलात तेव्हा काय होतं?"

सलीम चष्मा पुसायला लागला.

"नाही, सांगा ना. दारातून आत पाय ठेवला तेव्हा तुम्हाला काय वाटलं, ड्रिल होतं?"

"नाय, साहेब."

"बायकोची आठवण आली असेल."

"आईची आली," सलीम म्हणाला.

आहेर साहेबांकडे वळला. आवाज चढवून बोलायची त्याला सवय नव्हती आणि तेव्हाही त्याने चढवला नाही. "सर, मी ड्रिल लिहिलं, तर हा माणूस आज नाटक करत होता असं होईल. मला नाही लिहिता येणार. आणि ती झडप तसलीच बाकीच्या प्लॅटफॉर्मवरही आहे. मी नाही सांगितलं तर त्यांना कोण सांगणार? तुमचं नाव मी घालत नाही. 'एक पाहुणा' लिहितो."

साहेब म्हणाले, "तुमच्या बढतीचं वर्ष आहे ना हे?"

"हो, सर."

"विचार करून ठेवा."

"केलाय, सर. जेवणाच्या आधीच केला."

परतीच्या हेलिकॉप्टरमध्ये साहेब खिडकीबाहेर पाहत होते. डॉ. सामंतांनी त्या दिवशी डोळे उघडे ठेवले होते.

अंतिम बैठकीत आहेरचा प्लॅटफॉर्म नियमाप्रमाणे बाद झाला. डॉ. सामंत उभ्या राहिल्या. "ज्यांनी खरं कळवलं ते बाद आणि ज्यांनी काहीच कळवलं नाही ते पात्र. हा नियम केला कोणी?"

"मी," साहेब म्हणाले.

मी ते इतिवृत्तात घेतलं. सचिवाच्या हातात तेवढंच असतं.

आता ढाल कोणाला द्यायची? ज्यांचं ज्यांचं नाव आलं, त्यांच्याकडे त्या वर्षी कुठे ना कुठे काहीतरी घडलं होतं. कोणाचा हात भाजला, कोणाकडून थोडं तेल समुद्रात गेलं. सामंतबाईंच्या बाटल्यांनी आणखी दोघांना घरी बसवलं. शेवटी संगणकाने सगळे निकष लावून एक नाव वर आणलं. अपघात शून्य, गळती शून्य, सांडपाणी शून्य, कचरा शून्य. तो एक निर्मनुष्य प्लॅटफॉर्म होता. त्याच्यावर माणसं राहतच नाहीत. विहिरींची चार तोंडं, एक शिडी आणि समुद्रपक्षी. अधूनमधून बोटीतून दोघे जातात, वंगण घालतात आणि परत येतात.

मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात समारंभ झाला. मानपत्रात 'तेथील कर्मचाऱ्यांच्या सांघिक भावनेचा' उल्लेख होता, कारण मजकूर दर वर्षी तोच असतो. ढाल घ्यायला किनाऱ्यावरचा एक अधिकारी गेला, ज्याने तो प्लॅटफॉर्म फक्त नकाशात पाहिला होता. बॅगा कोणाला द्यायच्या हा प्रश्न आला, तेव्हा त्या बोटीवाल्या दोघांना दिल्या. त्यांना एकेक पुरेशी होती. आहेर मागच्या रांगेत होता. त्याने टाळ्या व्यवस्थित वाजवल्या.

त्याची बढती त्या वर्षी झाली नाही. पुढच्या वर्षी त्याला ट्रेनिंग सेंटरला टाकलं. आमच्याकडे ज्याचं काय करावं ते कळत नाही, त्याला ट्रेनिंगला पाठवतात. तिथे तो निवृत्तीपर्यंत नव्या पोरांना ड्रिल शिकवत राहिला. त्याच्या अहवालावरून सगळ्या प्लॅटफॉर्मवरच्या झडपा तपासल्या. बऱ्याच ठिकाणी त्या तशाच अडकलेल्या सापडल्या. दुरुस्त झाल्या. त्यानंतर काय झालं? काही झालं नाही. त्या न झालेल्या गोष्टीत किती माणसं होती, ती कुठल्या गावची होती, हे कोणाला कधी कळणार नाही, त्यांनाही नाही. एवढी वर्षं मी ढालीचं इतिवृत्त लिहिलं, पण हे कुठे लिहायचं ते मला कधी सापडलं नाही. सलीमचं नाव तर कोणत्याच कागदावर आलं नाही. अहवालात 'शोधपथकाने पाहुण्यास सुरक्षित बाहेर काढले' एवढंच वाक्य आहे.

मी निवृत्त होऊन नाशिकला आलो. काही वर्षांनी एक दिवस साहेबांचा फोन आला. त्र्यंबकेश्वरला दर्शनाला येतोय, म्हणाले. मी त्यांना घेऊन गेलो, घरी जेवायला आणलं. आप्पाने त्यांना गुलाब दिले. साहेब खूप उतरले होते, काठी घेऊन चालत. जेवण झाल्यावर म्हणाले, "फडोळ, मालेगाव इथून किती लांब?"

"आहे दोन-अडीच तासांवर. का, साहेब?"

"त्या माणसाचा पत्ता आहे तुमच्याकडे?"

कोणता माणूस हे मी विचारलं नाही. आहेर नांदगावला घरीच होता, त्याला फोन करून पत्ता घेतला. "तूही ये," म्हणालो. तो म्हणाला, "नको, दादा. मी असलो की साहेबांना अवघड होईल. तुम्ही जा."

दुसऱ्या दिवशी निघालो. साहेब रस्ताभर काहीतरी जुळवत होते, ओठ हलत होते. चांदवडच्या पुढे एकदा म्हणाले, "मी इतकी भाषणं केली, पण हे काही नीट बसत नाहीये."

सलीमचं घर एका गल्लीत होतं, दोन्हीकडे यंत्रमागांची खडखड. घराच्या आत ती थोडी कमी ऐकू येई. सलीमने दाढी राखली होती, भिंगं आणखी जाड झाली होती. मला त्याने ओळखलं. साहेबांकडे तो पाहत राहिला.

"मी तो," साहेब म्हणाले. "खुर्चीवरचा."

"हां, हां! बसा, साहेब, बसा." त्याने घाईने खुर्ची पुढे ओढली, पंखा त्यांच्याकडे वळवला, आत चहा सांगितला. मग आम्ही तिघे बसलो. साहेबांना बोलायला सुरुवात सापडेना. मागांचा आवाज चालूच होता. सलीमने प्रवास कसा झाला विचारलं, तब्येत विचारली. चहा आला. साहेबांनी कप हातात घेतला, तसाच परत ठेवला.

"मला एक विचारायचं होतं," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही दोनदा सांगितलंत तरी मी उठलो नाही, तुम्हालाच पुढे व्हायला सांगितलं. तुम्ही जाऊ शकत होतात. बाहेर जाऊन सांगितलं असतंत, येत नाहीत म्हणून, तर तुम्हाला कोणी बोल लावला नसता. मग का थांबलात?"

सलीमला प्रश्न कळला नाही असं वाटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काही समजावून सांगेन म्हणून. मग तो साहेबांना म्हणाला, "मोजणीत एक कमी होता ना, साहेब."

आणि चहा निवतोय म्हणून कप पुन्हा त्यांच्या हातात दिला.